बसून घेतलेले माप

सोलापुरात कापडाची वाण कधीच नव्हती. 1877 साली सुरू झालेल्या आणि पुढे साऱ्या गावाने ‘जुनी गिरणी’ म्हणूनच ओळखलेल्या कापड गिरणीपासून आजच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या यंत्रमागांपर्यंत इथली असंख्य घरे सुतावर आणि कापडावरच चालली. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि इथे शिवलेले शाळेचे गणवेश दूरदूरच्या गावी जातात. अशा गावात, भर एप्रिलात पारा 42 च्या पुढे गेलेला असताना, बायका परकराची नाडी आवळून, त्यावर पॉलिस्टरचा गाऊन चढवून दुपारभर फरशीवर बसून कामे उरकताना दिसतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. कमरेपासून गुडघ्यापर्यंतच्या अंगाला घरात सुख मिळावे, एवढ्या साध्या गोष्टीचा विचार या कापडाच्या गावाने बाईसाठी नीटसा केलेला नाही. मी घरी शिवणकाम करते. गेली काही वर्षे बायकांसाठी घरात आणि रात्री झोपताना घालायच्या सुती, सैल शॉर्ट शिवते आहे. त्या शिवताना एक गोष्ट मला पुरती पटली आहे. या कपड्याचे माप उभे राहून घेऊ नये, बसून घ्यावे.

हे मला कुठल्या शिवणवर्गाने नाही, आमच्या गल्लीतल्या अक्कांनी दाखवले. आम्ही पूर्व भागात राहतो. इथली बहुतेक घरे तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची आहेत आणि पुरुष मागावर, बाई विडीवर अशी वाटणी पुष्कळ घरांत आजही दिसते. अक्का विड्या वळतात. तेंदूची पाने आधी भिजवून मऊ करायची, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने त्याच मापाचा तुकडा काढायचा, चिमूटभर तंबाखू पसरून तो बोटांत वळायचा, टोक दुमडायचे आणि दोऱ्याचे दोन वेढे देऊन विडी सुपात टाकायची. मजुरी हजार विड्यांवर मिळते. त्यामुळे हजाराचा आकडा गाठेपर्यंत मांडीवरचे सूप खाली उतरत नाही. एका उन्हाळ्यात मी त्यांना शॉर्ट शिवून देते म्हणाले आणि टेप घेऊन उभी राहिले. त्या सूप बाजूला न ठेवताच म्हणाल्या, “बसूनच घे की ताई माप. मी उभी असते तरी कवा?”

त्या वाक्याने माझ्या शिवणाची दिशाच बदलली. शिंपी माप घेतो ते ताठ उभ्या राहिलेल्या माणसाचे. शाळेचा गणवेश, लग्नातला ब्लाउज, कचेरीत घालायची पँट या कपड्यांना ते चालून जाते, कारण ते चारचौघांत दिसायचे असतात आणि दिसणे उभ्यानेच ठरते. घरातले कपडे दिसण्यासाठी नसतात. घरात बाई ओट्याशी उभी असते तेवढी वेळ सोडली, तर ती भाजी निवडायला बसते, मुलांचा अभ्यास घ्यायला बसते, कपड्यांच्या घड्या घालायला बसते, फरशी पुसताना उकिडवी बसते, जेवायला मांडी घालते आणि रात्री कुशीवर वळून पाय पोटाशी घेते. या प्रत्येक हालचालीत कमरेच्या मागची लांबी वाढते, मांडी पसरते, पोट पुढे येते. उभ्या मापाच्या कपड्यात या वाढीला जागाच नसते. मग तो मागून खाली सरकतो, पुढे पोटात रुततो आणि दोन्ही पायांच्या मध्ये घासतो. बाई तो दिवसभर ओढून नीट करत राहते आणि आपले अंगच बेढब आहे असे धरून चालते. दोष तिच्या अंगाचा नसतो, कापड बेतण्याचा असतो.

आमची आजी नऊवारी लुगडे नेसायची. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते पायांतून मागे नेऊन काष्टा खोवला की दोन्ही पाय मोकळे होत. त्या वस्त्राला शिवण नव्हती, त्यामुळे माप चुकण्याचा प्रश्नच नव्हता. आजी उकिडवी बसली की काष्ट्यातले कापड हवे तेवढे सुटायचे आणि उभी राहिली की परत जागेवर यायचे. शेतात खुरपणाऱ्या, जात्यावर बसणाऱ्या, पाणी शेंदणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून त्याचे माप सिद्ध केले होते. पुढे सहावारी आली, तिच्याखाली परकर आला आणि नंतर घरात गाऊन आला. गाऊनने अंगावरचा भार कमी केला, हे मी नाकारत नाही. बाळंतिणीला आणि आजारी बाईला गाऊनइतका सोयीचा कपडा नाही. पण गाऊन घालून जमिनीवर बसायचे तर तो आधी गोळा करून पायांखाली दाबावा लागतो, उठताना टाचेखाली येतो, जिना चढताना हातात धरावा लागतो, आणि उन्हाळ्यात मांड्यांना मांड्या घासून जी घामोळी आणि आग होते तिला गाऊनपाशी काहीच उत्तर नाही. आतून परकर घातला तर उकाडा, न घातला तर घासणे. दोन्ही मांड्यांमध्ये सुती कापडाचा एक पदर असणे ही सोलापूरच्या उन्हाळ्यात चैन नाही, गरज आहे. लुगड्याने ती भागवली होती. गाऊनने ती सोडून दिली.

नवी पेठेत आता बायकांच्या शॉर्ट टांगलेल्या दिसतात. त्यांतल्या बऱ्याचशा होजियरीच्या असतात, अंगाला चिकटणाऱ्या आणि घाम धरणाऱ्या, नाहीतर पुरुषांच्या बॉक्सरचाच बेत थोडा आखूड करून फुलाफुलांच्या कापडात कापलेल्या. पुरुषाची कंबर आणि सीट, म्हणजे नितंबांचा घेर, यांत फरक थोडा असतो. बाईच्या अंगाला तो आठ-दहा इंचांचा सहज असतो आणि तोही बहुतांशी मागच्या बाजूला. ‘एल’, ‘एक्सएल’ या अक्षरांमागे आपल्याकडच्या अंगाचे मोजमाप नव्हतेच. तयार कपड्यांची मापे इंग्लंड-अमेरिकेच्या तक्त्यांवरून उचललेली होती. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ या नावाने 15 ते 65 वयोगटातल्या 25,000 हून अधिक स्त्री-पुरुषांची मापे घेण्याचे काम हाती घेतले, ते याच कारणासाठी. ते काम मोलाचे आहे आणि त्यातून आपल्या अंगाचे तक्ते यावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. तोवर आपल्या हातात टेप आहे, खडू आहे आणि कात्री आहे.

आता माप. सपाट, टणक बैठकीच्या खुर्चीवर ताठ बसावे. कमरेभोवती इलॅस्टिकचा तुकडा सैलसर बांधून एकदा वाकावे, एकदा वळावे. तो जिथे आपोआप स्थिरावतो ती आपली खरी कंबर. बाजूने, नितंबाच्या गोलाईवरून टेप त्या इलॅस्टिकपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत सोडावी. ही आसनाची, म्हणजे कमरेपासून पायांच्या फाट्यापर्यंतच्या भागाची, खोली. सीट 40 इंच असलेल्या बाईची ती साधारण साडेदहा इंच भरते. तीत दीड इंच मिळवावा आणि बारा धरावे. सीट आणि मांडीचा घेरही बसूनच मोजावा. बसल्यावर दोन्ही किती वाढतात हे पाहून बहुतेक बायकांना आश्चर्य वाटते आणि थोडा संकोचही वाटतो. माप घेणाऱ्या बाईने अशा वेळी आकडा मोठ्याने न बोलता मुकाट्याने वहीत लिहावा, असे माझे मत आहे.

यानंतरचे माप मी सगळ्यांत महत्त्वाचे मानते. जमिनीवर मांडी घालून बसावे आणि पुढच्या कमरेपासून, पायांमधून, मागच्या कमरेपर्यंत टेप न्यावी. हेच माप उभे राहून घेऊन पाहावे. दोन्हींत फरक येतो आणि तो जवळजवळ सगळा मागच्या बाजूचा असतो. पुढची लांबी बसल्यावर वाढत नाही, उलट घटते, आणि तिथले जादा कापड पोटाखाली गोळा होते. म्हणून शॉर्टची मागची कंबर पुढच्यापेक्षा निदान दीड इंच उंच ठेवावी. पुढची कंबर हवी तर अर्धा-पाऊण इंच उतरवावी. पुढे-मागे सारख्या उंचीचा कापलेला पायजमा बाईला कधीच नीट बसणार नाही, मग त्यात कितीही महाग कापड घाला.

कापडाबद्दल माझी मते पक्की आहेत. मलमल अंगाला गोड लागते, पण आसनाच्या शिवणीला ती टिकत नाही आणि पारदर्शकही असते. पॉपलिन घट्ट विणीचे, वारा कमी खेळतो. रेयॉन हाताला मऊ आणि पडायला सुंदर, पण ओले झाले की त्याचा धागा कमजोर पडतो आणि घामाने भिजणाऱ्या जागीच आपल्याला मजबुती हवी असते. मी केंब्रिक, म्हणजे बारीक सुताचे साध्या विणीचे सुती कापडच वापरते. जुन्या सुती साडीची शॉर्ट शिवा असे पुष्कळ जणी सुचवतात. साडी मऊ असते हे खरे, पण वापरून वापरून तिचा धागा विरलेला असतो, तो पहिल्यांदा बसल्यावरच मागून उसवतो आणि मेहनत वाया जाते. साडीची उशीची खोळ करावी, बाळासाठी दुपटे करावे. शॉर्टला मात्र नवे कापडच घ्यावे. आपल्याकडच्या कटपीसच्या दुकानांत ते चांगले मिळते, फक्त बोटांनी ताणून, उजेडात धरून घ्यावे. वीण सरकत असेल तर ते कापड ठेवून द्यावे.

कापड आणल्यावर ते रात्रभर पाण्यात भिजवून, न पिळता, सावलीत वाळवावे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच इतके आटू शकते. बारा इंचांच्या आसनात त्याचा अर्थ जवळजवळ अर्धा इंच, आणि मागच्या उंचीत मोठ्या काळजीने मिळवलेल्या वाढीतला बराच भाग त्यातच संपून जातो. संक्रांतीच्या सुमाराची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की मी उन्हाळ्याचे कापड भिजवायला घेते. अक्का त्यांच्या पानांची टोपली भिजत घालतात त्याच सुमारास माझीही बादली भरलेली असते. भिजल्याखेरीज कात्री लावायची नाही, हे त्यांना कधी सांगावे लागले नाही.

गुडघ्याच्या आसपास येणाऱ्या शॉर्टला 44 इंच पन्ह्याचे दीड मीटर कापड पुरते. मी बाजूची शिवण ठेवत नाही, एका पायाचा एकच तुकडा कापते. कुशीवर झोपले की बाजूची शिवण मांडीला टोचते, आणि एक शिवण कमी म्हणजे कष्टही कमी. सीट 40 असेल तर तिचा निम्मा भाग 20, सैलपणाचे 3, आसनाच्या पुढच्या गोलाईसाठी सीटचा सोळावा भाग म्हणजे अडीच, मागच्या गोलाईसाठी आठवा भाग म्हणजे 5, आणि शिवणीचे दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच, असा एकूण साडेएकतीस इंच रुंदीचा तुकडा होतो. कापडाची आडवी घडी घालून दोन्ही पाय एकदम कापावेत. पन्ह्यातून साडेबारा इंचांची पट्टी उरते, ती टाकू नये, तिच्यातून खिसे आणि मियानी, म्हणजे दोन पायांच्या मध्ये बसवायचा चौकोनी तुकडा, निघतात. आडव्या घडीत एक पाय सुलटा आणि एक उलटा कापला जातो, म्हणून एकाच दिशेची नक्षी असलेले कापड घेऊ नये, नाहीतर एका मांडीवरची फुले डोक्यावर उभी राहतील. बारीक चौकडी किंवा ठिपके उत्तम. उभा धागा मात्र पायाच्या लांबीतच ठेवावा.

आसनाची गोलाई कापताना हात घाईत चालू देऊ नये. पुढची गोलाई आखूड आणि उथळ असते, मागची लांब आणि खोल. पुढची रेघ कमरेपासून जवळजवळ सरळ खाली येते आणि शेवटच्या तीन-चार इंचांत वळते. मागची रेघ कमरेपासूनच तिरपी निघते. मागच्या गोलाईची वाढ कमी पडली की शॉर्ट दोन्ही नितंबांच्या मध्ये ओढली जाते. त्या वेळी शिंपी बहुधा घेर वाढवून देतो, पण घेर वाढवून हा त्रास जात नाही, त्या टोकाची लांबीच वाढवावी लागते. कच्ची टीप घालून, घालून बघावे आणि कुठे चुण्या पडतात ते आरशात पाहावे. आसनाच्या टोकापासून मांडीकडे तिरप्या सुरकुत्या फुटत असतील तर गोलाईची वाढ अपुरी आहे. मागच्या कमरेखाली आडवी घडी पडत असेल तर तिथली उंची जास्त झाली आहे. आणि बसल्यावर मागची कंबर बोटभर जरी खाली उतरली, तर उंची कमी आहे. ही शेवटची कसोटी जमिनीवर बसूनच घ्यावी, आणि नुसते बसून नव्हे, पुढे वाकून, समोरचे भांडे उचलल्यासारखा हात लांबवून.

ज्या बायका सतत उकिडव्या बसतात त्यांच्यासाठी मी मियानी घालते. जुन्या पायजम्यांना आणि सलवारींना ती असायचीच. उलाढाल वाढली तशी ती तयार कपड्यांतून गळून पडली, कारण तिला वेळ लागतो. चार इंचांचा चौकोनी तुकडा घ्यायचा आणि दोन पायांच्या चारही शिवणी जिथे एकत्र येतात तिथे कोन खाली-वर करून बसवायचा. चौकोन असा बसला की पाय फाकताना येणारा ताण त्याच्या धाग्याच्या दिशेने न जाता उरेब, म्हणजे तिरपा जातो. सुती कापड उभ्या-आडव्या धाग्यात ताणत नाही, उरेब दिशेने मात्र ते हाताला जाणवेल इतके ताणते. केंब्रिकचा रुमाल घेऊन आधी काठाच्या दिशेने आणि मग समोरासमोरची टोके धरून ओढून पाहा, फरक लगेच कळेल. जिथे एका बिंदूवर सगळा ताण येऊन कापड फाटले असते, तिथे हा तुकडा तो ताण चार शिवणींत वाटून देतो. मियानीची शिवण घालताना कोपऱ्यावर सुई कापडात रुतवून, दाबाची पट्टी उचलून कापड फिरवावे आणि पुढे जावे. कोपरा नेमका पकडला नाही तर तिथे भोक राहते. घाईने केलेल्या मियानीपेक्षा ती नसलेली बरी.

शिवणीचा क्रम सोपा आहे. आधी प्रत्येक पायाची आतली शिवण घालावी. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालावा, म्हणजे सुलट्या बाजू समोरासमोर येतात, आणि पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत आसनाची शिवण एका दमात घालावी. घरच्या पायमशीनची टीप वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकवून तयार होते. ती मजबूत असते, पण तिला ताण सोसवत नाही, कापड वाचते आणि दोरा तुटतो. म्हणून टाका बारीक ठेवावा, इंचाला बारापर्यंत, आणि आसनाच्या खालच्या भागात पहिल्या टिपेला खेटून दुसरी टीप घालावी. मग त्या भागातले जादा कापड पाव इंच ठेवून कापून टाकावे. ते तसेच ठेवले तर जाड होऊन दिवसभर रुतत राहते. कापलेल्या कडेवर इंटरलॉक करून घ्यावे. घरी तशी मशीन नसेल तर आतली शिवण दुमडून, कडा आत बंद करून पुन्हा टीप मारावी. कातडीला लागणारी एकही कच्ची कड राहू देऊ नये.

कमरेबद्दल मला जरा अधिक सांगायचे आहे. 2024 साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांची हकीकत नोंदवली. कमरेभोवती वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या नेसणीने एकाच जागी कातडी घासली जाऊन न भरणारी जखम झाली आणि त्या जखमेत कर्करोग उद्भवला. असे क्वचितच घडते आणि भिऊन जाण्याचे कारण नाही. पण कमरेवरचा काळा पडलेला वळ आपल्या घरांतल्या किती बायका जन्मभर वागवतात, आणि त्याकडे बाईपणाचा भाग म्हणून पाहतात! अक्कांच्या कमरेवर तो होता, माझ्या आईच्याही होता. अंगावर खूण उमटवणारा कपडा घरात तरी का घालायचा? बारीक नाडीचा दाब एका रेषेत पडतो. एक इंच रुंदीच्या मऊ इलॅस्टिकचा दाब पसरतो आणि वरून कापडाचा नेफा, म्हणजे इलॅस्टिक ओवायची दुमड, असल्याने रबर कातडीला लागतही नाही.

इलॅस्टिकचे मापही बसूनच घ्यायचे. बसल्यावर कंबर दीड-दोन इंच सहज वाढते, जेवणानंतर आणखी थोडी, पाळीच्या दिवसांत त्याहूनही. बसल्या कमरेपेक्षा तीन इंच कमी इलॅस्टिक कापले की ते उभ्याने घसरत नाही आणि बसल्यावर रुतत नाही. ज्यांना तेवढा सैलपणा भरवशाचा वाटत नाही त्यांच्यासाठी पुढे दोन काजे करून आतून सुती नाडीही ओवते. ती आवळायची नाही, फक्त आधाराला असते. नेफा इलॅस्टिकपेक्षा किंचितच रुंद ठेवावा. फार रुंद ठेवला की इलॅस्टिक आत पीळ घेते. ओवून झाल्यावर चुण्या सगळीकडे सारख्या करून मागच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना उभी टीप मारली की ते पुन्हा गुंडाळले जात नाही.

खिसा हवाच. बाईच्या घरच्या कपड्याला खिसा नसणे मला फार लागते. फोन, किल्ली, सुटे पैसे आणि कधी औषधाची गोळी हातात किंवा ब्लाउजमध्ये धरून तिने घरभर का फिरावे? उरलेल्या पट्टीतून सहा इंच रुंद आणि सात इंच खोल खिसा वरून लावावा. त्याचे तोंड तिरपे नको, आडवे ठेवावे. तिरप्या तोंडाच्या खिशातून मांडी घालताच फोन फरशीवर येतो. खिसा मांडीच्या पुढच्या भागावरही नको, थोडा बाजूला सरकवावा, म्हणजे बसल्यावर तो पोट आणि मांडीच्या घडीत सापडत नाही. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर उलटसुलट टीप मारून पक्के करावे, कारण फोनचे सगळे वजन तिथेच लोंबते.

लांबीवरून घराघरांत थोडे वाद होतात आणि ते मी समजू शकते. एकत्र कुटुंब, समोरासमोर दारे, गॅलरीत वाळत घातलेले कपडे सगळ्या गल्लीला दिसतात. कुणी गुडघ्याखाली चार बोटे मागते, कुणी मांडीच्या मध्यापर्यंत, कुणी शॉर्ट गाऊनच्या आत घालते आणि खोलीचे दार लागले की गाऊन काढून ठेवते. यांतली कुठलीही लांबी योग्यच आहे, ती घालणाऱ्या बाईने ठरवावी. माझे सांगणे एवढेच असते की उभ्याने ठरवू नका. मांडी घातल्यावर पायाची कड तीन-चार इंच वर चढते. उभ्याने नेमकी गुडघ्यावर आलेली शॉर्ट बसल्यावर बरीच वर जाते आणि मग बाई सारखी ती खाली ओढत राहते. आरशासमोर पाट टाकून, त्यावर बसून, हवी तिथे खडूची खूण करावी. पायाच्या बाहेरच्या बाजूला दोन इंचांचा काप ठेवला तर मांडी पसरताना कड रुतत नाही. काप नको असेल तर घेर दोन इंचांनी वाढवावा.

अक्कांना त्यांची पहिली शॉर्ट साडीच्या आत घालायची होती. त्यांनी ती तशीच घातली आणि दुपारी सूप मांडीवर घेऊन बसल्या. मांडीवर सूप असले की पाय फार वेळ एकाच कोनात राहतात आणि डाव्या गुडघ्याच्या आत कापड ताणले जाते, हे मला त्यांच्याकडे बघूनच कळले. त्यांच्या पुढच्या शॉर्टला मी दोन्ही पायांना घेर वाढवला आणि मियानी साडेचार इंचांची केली. आता त्यांच्या सुना आणि कुंभारीला विडी कामगारांच्या वसाहतीत राहणारी बहीण, सगळ्या त्याच खाकी कागदाच्या साच्यावरून शिवून घेतात. प्रत्येकीसाठी कागदाच्या कडेला नवी रेघ ओढावी लागते. साचा एक असला तरी मागची उंची कुणाचीच कुणाशी जुळत नाही. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापणाऱ्या अक्कांना हे पटायला वेळ लागला. पान कापावे तशा एका मापाच्या दहा शॉर्ट एकदम कापून टाक, असा त्यांचा आग्रह होता. मग त्यांच्या धाकट्या सुनेला समोर बसवून दोघींची आसने एकामागोमाग मोजली आणि आकडे त्यांनाच वाचायला दिले.

सध्या मी अक्कांच्या सासूबाईंसाठी एक बेतते आहे. त्यांचे गुडघे धरलेले असतात, त्या जमिनीवर बसत नाहीत, दिवसभर खुर्चीवर असतात आणि हाताचा आधार घेऊन उठतात. त्यांना मियानीची गरज नाही. त्यांच्यासाठी मागची उंची दीडऐवजी सव्वा इंच, घेर मोकळा आणि इलॅस्टिक अधिक मऊ हवे, कारण त्यांना ते अंगठ्याने एका हाताने खाली करता आले पाहिजे. नेफ्याच्या मागच्या मध्यावर मी दोन इंचांचे तोंड मशीनने बंद न करता हाताने साध्या टाक्यांनी बंद करणार आहे. इलॅस्टिक कापडाच्या आधी सैल पडते, तेव्हा ते टाके उसवून नवे ओवता येईल. त्यासाठी सगळी कंबर उसवावी लागणार नाही.